रिकामा रकाना

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर आई आणि लेक बसल्या होत्या.

"तू ऑफिसात दिवसभर करतेस तरी काय?"

"इंग्रजी वाक्यं येतात, आई. घसरलं, पळालं, निघून गेलं अशी. कोण हललं, कुणी हलवलं, कुठून, कुठे, कुठल्या वाटेने, ते मी रकान्यांत भरते. कॉम्प्युटरला शिकवायला."

"आणि याचा पगार देतात?"

"देतात."

"हेच मी रोज दारात विचारते, तर तू दार आपटतेस."

"ते वेगळं."

"बरं, चेंडू घरंगळला. कुणी ढकलला?"

"वाक्यात नाही ना. तो रकाना रिकामा ठेवायचा."

"आपोआप घरंगळला म्हणे. आता हे घे. मुलीने माळ्यावरची बॅग गुपचूप काढली आणि येत्या शनिवारी ती घरातून निघणार."

"आई, तू बॅग पाहिलीस?"

"तू काम कर. कोण निघणार?"

"मुलगी."

"कुठून?"

"घरातून."

"कुठे?"

"वाक्यात दिलेलं नाही."

"मग?"

"रिकामा ठेवायचा."

"तुझा साहेब ठेवू देत असेल. डॉक्टरांच्या या चिठ्ठीच्या मागे पत्ता लिही. आणि त्या बॅगेचं चाक मोडलंय, माझी घेऊन जा."