वहीतली गणितं आणि बघण्याचे पोहे

आमच्या जर्मनीतल्या, हॅनोव्हरच्या इंटिग्रेशनची गंमत तुम्हाला सांगितलीच नाही. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी यांची कॅल्क्युलसची परीक्षा, आणि नापास झाले तर स्कॉलरशिप बंद, म्हणजे दोघांनाही परतीची बोट. गणितं तपासून द्यायला यांचे मित्र जोशी आले होते. त्यांची तपासण्याची पद्धत अशी, की यांची वही वाचायची, मान डोलवायची आणि चहा मागायचा.

"माझंही उत्तर हेच आलं," जोशी म्हणाले.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हे जर्मन झाडत खूश.

येणारच. जोशींनी ते यांच्याच वहीतून उतरवलं होतं.

कप ठेवता ठेवता मी म्हटलं, "अहो, उत्तर डिफरन्शिएट करून बघा ना. मूळ गणित परत यायला हवं."

"तू साखर आण," हे म्हणाले. पण करून पाहिलं. पाचांतलं एकही परत येईना.

"वहिनी, तुम्हाला हे कसं येतं?" जोशींनी विचारलं.

"गणितात बी.एस्सी. केलंय."

हे चाटच पडले. "बघायला आलो तेव्हा बोलली नाहीस ती?"

"तुम्ही फक्त पोहे कोणी केले ते विचारलंत. आईनं माझं नाव सांगितलं. केले होते काकूनं."

हे पास झाले. पोहे मला अजून जमत नाहीत.