पिवळ्या सुटाची चेन

मुरदिना : मी सांगते, हा लाल सूटच घ्यायचा. चेन पुढून आहे, छातीवरून. एकटीने घालायचा, एकटीने काढायचा, कुणाची मिनतवारी नको.

रूपर्ट : नजर पक्की आहे तुमची, बाई. तीन वर्षं मीच वापरलाय, होडी वल्हवायला शिकवताना. पायांपासून गळ्यापर्यंत बंद. खाडीत पडलात तरी आतला शर्ट कोरडा. शुक्रवारच्या बोटीने मी हे स्टॉर्नोवे गाव कायमचं सोडतोय, नाहीतर विकला नसता.

तोरकिल : इकडे द्या.

मुरदिना : द्या त्याला. माझा भाऊ. चाळीस वर्षं मासेमारीची जाळी दुरुस्त केलीत त्याने. तुटलेला एक धागा हा धुक्यातही शोधून काढतो.

तोरकिल : हं. चेनचे तीन दात गेलेत.

रूपर्ट : कुठे?

तोरकिल : हे काय, इथे.

रूपर्ट : मला नाही दिसत.

तोरकिल : तुम्हाला चष्मा आहे.

रूपर्ट : अहो, चष्म्यातूनच बघतोय!

तोरकिल : मग तो बदला. त्या कोपऱ्यातल्या पिवळ्याचं काय?

रूपर्ट : पिवळा? तो मी दाखवणारसुद्धा नव्हतो. मानेचं रबर फाटलंय. बुडाशी कुठेतरी गळतोय. आणि चेन पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. दुसरं माणूस असल्याशिवाय ती लागत नाही आणि निघतही नाही.

तोरकिल : कापड जाड आहे.

मुरदिना : जाड आहे तर काय, मी त्याचा तंबू ठोकू?

तोरकिल : होडी कुणाची?

मुरदिना : तुझी.

तोरकिल : आणि अट काय ठरलीय?

मुरदिना : सूट नाही तर होडी नाही.

तोरकिल : सूट मी पसंत केलेला.

मुरदिना : हे कधी ठरलं?

तोरकिल : आत्ता.

रूपर्ट : पण बाई, नोव्हेंबर उजाडला. या दिवसांत खाडीत कशाला जाताय?

मुरदिना : मेंढा आणायला! समोरच्या खडकाळ बेटावर आहे आमचा सॉलोमन. उन्हाळाभर त्याला तिकडेच ठेवतो, मेंढ्यांपासून लांब. आता आणून सोडला, तर एप्रिलात गवतावर कोकरं. गेल्या वर्षी महिनाभर उशीर झाला. कोकरं इतकी बारकी राहिली की बाजारात लोक विचारायचे, मांजरं कितीला दिली? यंदाही चुकलं तर कळप मोडावा लागेल मला. चौतीस मेंढ्या कुंपणाला नाक लावून उभ्या आहेत.

रूपर्ट : मेंढा होडीत बसतो?

मुरदिना : छे! बसवावा लागतो. कंबरभर पाण्यात उभं राहून, मागून ढकलून.

तोरकिल : गेल्या वर्षी ही एकटी गेली. मला न सांगता.

मुरदिना : तू सूप पीत बसला होतास.

तोरकिल : गरम होतं.

मुरदिना : पाय घसरला, एवढंच झालं. बाहेर आलेच ना?

तोरकिल : मेंढ्याने काढली बाहेर. शिंगांना लटकली होती. ओठ निळे.

मुरदिना : आणि तेव्हापासून तो माझ्याकडे उपकार केल्यासारखा बघतो!

तोरकिल : पिवळा द्या.

*

मुरदिना : त्या पिवळ्याला माझ्या खुर्चीत नको बसवूस.

तोरकिल : टेकायला काहीतरी हवं ना. व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट्या बाजूला लाव, हवा फुंकते त्या.

मुरदिना : लावली. आता नळीचं तोंड कुठे घालू?

तोरकिल : त्याच्या डाव्या मनगटात. उजव्यात मी बाटली कोंबलीय.

मुरदिना : आणि मानेत काय आहे ते? तोरकिल! माझं सूपचं पातेलं!

तोरकिल : त्याचंच माप बसलं. कर चालू.

मुरदिना : अगं बाई, फुगला! हात बघ कसे वर झाले, शरण आल्यासारखे.

तोरकिल : साबणाचं पाणी लाव. बुडबुडा येईल तिथे भोक.

मुरदिना : कोपरावर एक. गुडघे चांगले आहेत. पाठ चांगली. आता बूड... एक, दोन, तीन... तोरकिल, पाच आहेत! बसायचा तरी कशावर हा माणूस?

तोरकिल : शिंपल्यांवर.

मुरदिना : आणि तू पेटीतून काय काढतोयस?

तोरकिल : सुई.

मुरदिना : सुई? भोकं बुजवायला आणखी भोकं पाडणार?

तोरकिल : हात गेला सवयीने.

मुरदिना : जाळ्यातून पाणी गेलेलं चालतं रे. इथे मी असणार आहे आत! गोंद काढ.

तोरकिल : बंद कर ते यंत्र. ठिगळं चिकटवतो, मानेचं नवं रबरही लावतो. चोवीस तास हलवायचा नाही. पातेलं मानेतच राहू दे, रबर गोल बसेल. आणि आत उशा भर, हात असेच वर राहू देत, ठिगळं दुमडायला नकोत.

मुरदिना : कुठल्या उशा?

तोरकिल : तुझ्याच. माझ्याकडे एकच आहे.

मुरदिना : उद्या रविवार, देवाचा दिवस. उद्या चूल पेटवायची नाही, म्हणून सूप आजच करून ठेवायचंय. कशात करू? त्याच्या डोक्यात?

तोरकिल : किटलीत कर.

मुरदिना : आणि उशा उद्या संध्याकाळी काढशील ना?

तोरकिल : रविवारी? ते काम झालं. रविवारी कात्री दिसली तरी तूच ओरडतेस.

मुरदिना : उशी काढणं हे काम नव्हे!

तोरकिल : पाद्रीबाबांना विचारू?

मुरदिना : नको. हातावर डोकं ठेवून झोपेन. जाताना पडदा तेवढा ओढ.

*

मुरदिना : तोरकिल! ऊठ. दुकानात काय ऐकून आले, माहितीये? माझ्या घरात पुरुष आहे!

तोरकिल : मी आहे की.

मुरदिना : तू नव्हे. पिवळ्या कपड्यातला! शेजारच्या पेगीने काल चर्चला जाताना खिडकीतून पाहिला. चुलीपाशी बसलेला, जाडजूड, घरात टोपी घालून, दोन्ही हात वर. दोन तासांनी चर्चमधून परत आली, तरी तिथेच, तसाच!

तोरकिल : प्रार्थना करत असेल.

मुरदिना : हेच म्हणाली दुकानवाली. तर पेगी म्हणते, हात वर करून प्रार्थना करणारा आपल्यातला नव्हे, बाहेरचा असणार. आणि ती टोपी कुणाची होती? तुझी!

तोरकिल : खुंटी भरली होती. पातेलं रिकामं होतं.

मुरदिना : आणि पडदा?

तोरकिल : राहिला.

मुरदिना : पाद्रीबाबा उद्या चहाला येतायत. 'पाहुण्यांनाही भेटेन' म्हणाले. तुझ्यामुळे आता मला पाहुणा पैदा करावा लागणार!

तोरकिल : उद्या वादळ आहे. पाद्री येत नाही, आणि होडीही सुटत नाही. पुढचे आठ दिवस तसेच. मेंढा आणायचा तर आज. घाल सूट.

*

तोरकिल : गळ्याला पावडर लावलीस? आता घाल डोकं. असं. हात खाली कर, पाठ फिरव. चेनला मेण लावलंय. लागली. कसं वाटतंय?

मुरदिना : मा... न...

तोरकिल : नीट बोल.

मुरदिना : आव... ळतंय.

तोरकिल : रबर नवं आहे. कडेची एक पट्टी कापतो.

मुरदिना : अजू... न.

तोरकिल : जास्त कापलं तर पाणी शिरेल.

मुरदिना : कमी... कापलंस तर मरेन. कोरडी मरेन!

तोरकिल : अजून एकच. आता?

मुरदिना : हं. आला श्वास. तुझे हात आहेत की चिमटे? आणि त्या पेगीला सांग की एवढी काळजी असेल तर ये म्हणावं वल्हं मारायला, खिडकीतून नुसतं...

तोरकिल : एक पट्टी जास्त कापली. आता उकिडवी बस, गुडघे पोटाशी. मानेचं रबर बोटाने जरा उघड, आतली हवा जाऊ दे. नाहीतर पाण्यात पाय वर आणि डोकं खाली होईल.

मुरदिना : पेगी बघतेय का?

तोरकिल : बघतेय.

मुरदिना : केवढा आवाज झाला रे! तिकडे ऐकू गेला असेल.

तोरकिल : बरं झालं. तिला कळलं पिवळा माणूस कोण ते.

मुरदिना : ती असं थोडंच म्हणणार? आता ती म्हणेल, मुरदिना त्याचे कपडे घालून फिरते!

*

मुरदिना : कंबरेपर्यंत आलं पाणी!

तोरकिल : आत?

मुरदिना : बाहेर, अरे! आत मोजेसुद्धा कोरडे आहेत. होडी अशीच धर. सॉलोमन, ये. ये राजा. हा पळतोय कशाला? ओळखत नाही मला!

तोरकिल : पेगीने तरी कुठे ओळखलं?

मुरदिना : धरला! शिंग धरलं. आण होडी जवळ. पुढचे पाय आत... आता ढकलते. चल रे, चौतीस जणी खोळंबल्यात तिकडे! चढला, चढला... अरे, लाथ नको...

तोरकिल : मुरदिना!

(मुरदिना पाण्याखाली दिसेनाशी होते.)

तोरकिल : मुरदिना! हात दे! हात कुठाय तुझा? हात दे म्हणतो!

मुरदिना : ओरडतोस काय? तरंगतेय मी. बघ, बुचासारखी.

तोरकिल : हात दे आधी.

मुरदिना : दिला ना, घे. मोडशील तो. अजून सोडत का नाहीस?

तोरकिल : मेंढा होडी हलवतोय.

*

मुरदिना : सोड चेन लवकर, उकडतंय. सॉलोमन काय करतोय?

तोरकिल : आधी सगळ्यांची चौकशी केली. आता कामाला लागलाय.

मुरदिना : म्हणजे एप्रिल गाठला आपण! आणि आतून बघ, एक थेंब नाही. आता पाद्रीबाबांना हाच पाहुणा दाखवीन, पातेल्यासकट.

तोरकिल : टोपी मी देईन.

मुरदिना : धक्क्यावर तू मेंढ्याला उतरवत होतास ना, तेव्हा शाळेतल्या ख्रिस्टीनबाई भेटल्या. तो लाल सूट त्यांनी घेतला.

तोरकिल : बरं झालं.

मुरदिना : दोनदा खाडीत उतरल्याही म्हणे. थेंब शिरत नाही.

तोरकिल : बरं झालं.

मुरदिना : अंगावरच होता त्यांच्या. मी चेनवरून बोट फिरवून बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळे दात जागेवर आहेत.

(तोरकिलचा हात चेनवर अर्ध्यात थांबतो.)

मुरदिना : झोपलास का मागे?

तोरकिल : पुढची चेन माणूस एकटा लावू शकतो.

मुरदिना : म्हणून तर मला तो...

तोरकिल : हो. म्हणूनच.

मुरदिना : म्हणजे धडधडीत खोटं बोललास. बिचाऱ्या रूपर्टला चष्मा बदलायला लावलास. पाच भोकांचं बूड, उशीशिवाय दोन रात्री, गावभर माझा बोभाटा, हे सगळं त्यासाठी?

तोरकिल : भोकं बुजवली की मी.

मुरदिना : बुजवलीस.

तोरकिल : पुढच्या वर्षी हवा तर पुढच्या चेनचा बघू.

मुरदिना : काही नको. ओढ चेन, पूर्ण ओढ. पुढच्या वर्षी तुझं सूप निवेपर्यंत थांबेन मी.