फौजदार लग्नाला आलाच नाय

तीच गोष्ट मला दहांदा सांगायला लावता, निदान चहा तरी गरम आणा.

मॉलमधी पिच्चर बघितला. इंटरवलच्या आधी फौजदाराच्या भावाला मारलं, त्यानं बदल्याची शपथ घेतली. मी लघवीला जाऊन आलो, तर पडद्यावर एका पोरीचं लगीन! म्हणलं, आता फौजदार मांडवात शिरंल. शेवटपर्यंत बसलो, आला नाय.

दुसऱ्या दिवशी आमच्या छावणी भागातल्या हॉटेलात मी म्हणलो, "फौजदाराचा पिच्चर बंडल. पोरीचं लगीन लागलं, फौजदार आलाच नाय, बदला राहूनच गेला."

कचरू म्हणला, "तोच पिच्चर मी बी बघितला. पोरीच्या पाठवणीला लई रडलो राव!"

मला जरा धीर आला. तेवढ्यात आमचे मास्तर म्हणले, "तात्या, फौजदाराच्या पिच्चरमधी लगीनच नाय. इंटरवलनंतर तुम्ही शेजारच्या दारात शिरलात!"

सगळे हसले. सगळ्यात जोरात कचरू. "तात्या येडाच हाय," म्हणला.

तवापासून पिच्चरबद्दल माझं मत कुणी इचारत नाय. अरे, मी दार चुकलो, पण आत तरी बसलो होतो! हा घरी बसून कुणाच्या पाठवणीला रडला, ते इचारा की. अजून माफी मागितली नाय त्या कचरूनं.