दाजींची रविवारची सायकल

माझी जुनी विलायती सायकल अजून विकली का नाही, असं विचारता ना? मग ऐका.

पूर्वी असल्या सायकलींना गिऱ्हाईक घरी चालून यायचं. त्यातले काही वारले, उरलेल्यांचे गुडघे गेले. माझाही पाय दांड्यावरून जात नाही. पोरं मुंबईला, त्यांना ती अडगळ वाटते. शेवटी पूर्णगडचे दाजी रत्नागिरीला माझ्या घरी आले. तरुणपणापासून त्यांचा हिच्यावर डोळा.

मी बजावलं, "दाजी, जो चालवून दाखवील त्यालाच देणार."

दाजींनी खूप खटपट केली. पाय काही वर जाईना. तोंड उतरलं.

"तुमचा तरी जातो काय?" ते चिडले. "स्टँडवर लावा. चालवणं म्हणजे चालवणंच."

सायकल स्टँडवर लावली. त्यांचा पाय मीच हाताने उचलून पलीकडे टाकला. दाजी डोळे मिटून पायडल मारू लागले. मागचं चाक भिरभिरलं.

"भाट्याचा पूल आला. वारा काय सुटलाय हो!"

अंगणात पान हलत नव्हतं. तरी मी हँडल घट्ट धरलं.

"पावस गेलं. आता उतार. ते बघा, घर दिसलं!"

"चालवलीत. घेऊन जा," मी म्हटलं.

दाजींनी घाम पुसला. "नेऊन काय करू? घरात बसून घरी कसा जाणार?"

आता दर रविवारी दाजी एसटीने रत्नागिरीला येतात आणि माझ्या अंगणातून सायकलने पूर्णगडला जातात.