पुढं चल

पाचोडच्या एसटीच्या रांगेत सुरेखाच्या मागं म्हातारे कडुबा आणि विद्यापीठात शिकणारी त्यांची नात अमृता उभी होती.

“दिवसभर किडेच बघती व्हय गं?”

“बारीक कृमी, आबा. काडीला भुवईचा केस चिकटवून त्यांच्या डोक्याला लावला, की ते मागं सरकतात. पण एक जनुक बिघडलं, की नसांची जुळणी चुकते. मग तिथंच वेटोळं घालतात.”

“म्हंजी चाल रक्तातूनच येती?”

“कृमींची तरी येते.”

“मानसाची बी येती. तुझी आजी डावा हात लई हलवत चालायची.”

“मी कुठं हलवते?”

“तुला कसं दिसंल?”

“म्हणून मला नेहमी पुढं चालायला लावता? मला वाटायचं, तुमचे गुडघे दुखतात.”

“गुडघे बी दुखत्यात. गाडी लागली बघ. हो पुढं.”

सुरेखानं बाजूला सरून पोरीला वाट दिली.