बदकांची ट्यूब

धाकटी : नाही ताई, आज मी तपासणीच्या टेबलावर झोपणार नाही. इथे खुर्चीतच बरी आहे.

ताई : अगं, नुसत्या खुर्चीत? उशी तरी घे. आग होईल.

धाकटी : होऊ दे. पुढच्या भाषणात तेही सांग.

ताई : अच्छा, भाषणाचा राग आहे तर. नाव घेतलं का मी तुझं?

धाकटी : नाव कशाला हवं? ‘एक शिक्षिका आहे, लेकीच्या पोहायच्या ट्यूबवर बसून वह्या तपासते. ट्यूबवर पिवळी बदकं आहेत.’ अशा किती जणी असतील गं या गावात?

ताई : मी तक्ते दाखवत होते तोवर लोक मोबाइल बघत होते. जंतू नाहीत, जखम नाही, मग योनिमुखाशी वर्षानुवर्षं आग का होते? नसा, स्नायू की हार्मोन्स? कुणाला ऐकायचंच नव्हतं. बदकं म्हटल्यावर सगळं सभागृह शांत झालं.

धाकटी : आमची स्टाफरूमही शांत झालीय. मी आत गेले की सगळ्यांना एकदम तास आठवतात.

ताई : त्यांना तू माकडहाडाचं सांगितलं होतंस ना?

धाकटी : त्यांना, सासूबाईंना आणि त्यालाही.

ताई : नवऱ्यालाही? मला वाटलं, त्याला माहीत आहे.

धाकटी : वाटलं! पहिल्या रांगेत बसला होता तो. मेहुणीचं भाषण म्हणून कडक इस्त्रीचा शर्ट घालून. ती ट्यूब रोज सकाळी तोच फुगवून देतो, ताई. हवा जाते तिच्यातली.

ताई : अरे देवा. काय म्हणाला?

धाकटी : घरी आल्यावर एवढंच विचारलं, ‘प्रत्येक वेळी दुखायचं?’ तेव्हापासून हातच लावत नाही. चहाचा कपसुद्धा हातात देत नाही, टेबलावर ठेवून जातो. मी सांगणार होते गं त्याला. शब्द जुळवत होते. ते तू आधीच वापरून टाकलेस.

ताई : हे संशोधन मी कुणामुळे हाती घेतलं? एकेक डॉक्टर तुला ‘मनातून काढून टाका’ म्हणत होते, तेव्हा...

धाकटी : तेव्हा तू एकटी म्हणालीस, दुखणं खरं आहे. म्हणून तर तुला सगळं दाखवलं. ती बदकंसुद्धा.

ताई : चुकलं माझं. मी बोलते त्याच्याशी.

धाकटी : नको! तू आता कुणाशीच काही बोलू नकोस.

ताई : आणि तपासण्या? सोडणार आहेस?

धाकटी : नाही. या दुखण्याचं कारण मलाही हवंय. घरात लेक मोठी होतेय.

ताई : मग ये ना. कापसाची काडी हलकेच टेकवते, किती दुखतं ते तू नेहमीसारखं शून्य ते दहात सांग.

धाकटी : काडी टेकवण्याआधी तू दर वेळी विचारतेस, ‘लावू का?’ मी हो म्हणेपर्यंत हात तसाच धरून ठेवतेस. मला वाटायचं, आपली ताई अशीच आहे.

(ताई हातातली काडी ट्रेमध्ये परत ठेवते.)

धाकटी : त्या नव्या डॉक्टरबाई आहेत ना तुझ्या हाताखाली, त्यांना पाठव.

ताई : तिला तर तू धड ओळखतही नाहीस.

धाकटी : तेच बरं.