बिशपसाहेबांची न वाचलेली यादी

बसा, बसून घ्या. माझ्यासाठी कुणी उठू नका. उठायचं काम शेवटी आहे.

बंधुभगिनींनो, वेलचेरीहून आलात, अंबत्तूरहून आलात. चर्चच्या मंडळीतले आलात, आणि गणपतीच्या आरतीला भेटणारे आपले मराठी लोकही आलात. मी सुमन जोगळेकर. संरक्षण कारखान्यात तीस वर्षं स्टेनो होते. साहेबांच्या या शोकसभेत मी बाहेरची. पण गप्प बसून चालणार नाही. अँड्र्यू अण्णा माझं बोलणं तमिळमध्ये सांगणार आहेत. अण्णा, एकच विनंती. काही गाळू नका.

बिशप दानियल उबाळे वऱ्हाडातले. पन्नाशीत मद्रासला आले आणि ड्रायव्हरकडून तमिळ शिकले. ते तमिळ ऐकून भाजीवाल्या हसायच्या, तर हे त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायचे. त्सुनामीनंतर महिनाभर किनाऱ्यावरच्या शेडमध्ये राहिले. माझ्याकडे पिठलं-भाकरी खायला आले की जेवण्याआधी माझ्या देव्हाऱ्याकडे पाठ होणार नाही असे बसायचे. असा माणूस.

तुमच्यात एक रीत आहे. कोणता पाळक, म्हणजे पाद्री, कुठल्या मंडळीत जाणार, हे बिशप ठरवतात. वार्षिक परिषदेच्या शेवटच्या दिवशी ते यादी वाचतात. नाव आलं की त्या पाळकानं उभं राहायचं. तोवर कुणालाच काही कळता कामा नये, त्याच्या बायकोलासुद्धा नाही. म्हणून साहेब ती यादी मंडळीबाहेरच्या माणसाला सांगायचे. म्हणजे मला. "बाई, तुमी लिवा. कोणाले सांगू नोका," एवढंच म्हणायचे. सहा वर्षं मी लिहिली. सहा वर्षं ब्र काढला नाही.

यंदा काढला.

गुम्मिडिपूंडीचं प्रार्थनाघर तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्याचं छप्पर, मागे कबरस्तान, तिन्ही बाजूंनी कारखान्यांच्या भिंती. ती जागा काही लोकांना गोदामासाठी हवी आहे. तिथले आत्ताचे पाळक मऊ पडले होते. सहीपर्यंत गोष्ट आली होती. साहेबांनी मनाशी ठरवलं, तिथे न वाकणारा माणूस पाठवायचा. यादीत नाव लिहायला सांगितलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, हा पोरगा कबरीवर आडवा पडेल पण हटणार नाही.

तो पोरगा म्हणजे आपला सुधीर वाघमारे. त्याची बायको रूथ माझ्याच इमारतीत राहते. जून जवळ आला, रूथ मुलांचे गणवेश शिवायला टाकायला निघाली. जिन्यात भेटली. हातात कापड. मला राहवलं नाही हो. म्हटलं, जरा थांब, यंदा इथले गणवेश शिवू नकोस. ती थांबली. मग मी शहाणीनं आणखी एक वाक्य जोडलं, की गुम्मिडिपूंडीची शाळाही बरी आहे म्हणतात.

बस्स. एवढंच. चार पैशांचं कापड वाया जाऊ नये म्हणून.

रूथनं शाळेत चौकशी केली, तिला काय माहीत? रूथ, मान वर कर बाई. तुझा काडीचा दोष नाही. शाळेतून ती गोष्ट कुठे गेली, कशी गेली, मला ठाऊक नाही. आठ दिवसांत साहेबांच्या मोबाइलवर फोन सुरू झाले. उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. मग फाटकाबाहेर एक पांढरी गाडी उभी राहू लागली. काचा कायम वर. मग कुणीतरी प्रार्थनाघराच्या दाराला हार घालून गेलं. मेलेल्या माणसाला घालतात तसला हार.

साहेबांनी मला बोलावलं. रागावले नाहीत. चहा दिला आणि विचारलं, "बाई, तुमी कोणाले बोलल्या काय?"

मी म्हणाले, नाही.

त्यांनी मान हलवली. त्यांनी विश्वास ठेवला. मग कुणावर संशय घेतला त्यांनी? ड्रायव्हरवर? स्वतःवर? मला माहीत नाही. विचारायची सोय मीच ठेवली नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी मी साहेबांकडे गेले तेव्हा वॉचमन फाटकाशी उभा होता. "अम्मा, रेंडु पेर वंदांग," म्हणाला. दोघे जण आले होते. आत साहेब खुर्चीत होते. टेबलावर तीन कप, त्यातला एक भरलेला. खण उघडा आणि यादी नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं. पडलंही असेल. मी डॉक्टर नाही, मी स्टेनो आहे. जे दिसलं ते सांगते.

आता ऐकते की साहेबांनी यंदा यादी केलीच नव्हती. परवा परिषद आहे, तिथे नवी यादी येणार म्हणे. काल मला घरी फोन आला. पलीकडे कुणी बोललं नाही.

पण मंडळी, स्टेनोकडे शॉर्टहँडची वही असते. माझ्या रेघोट्या माझ्या नवऱ्याला जन्मात वाचता आल्या नाहीत, इतरांना काय येणार? ती वही ही बघा. बिशपांनी वाचल्याशिवाय नेमणूक लागू होत नाही, हे मला कळतं. मी कोण वाचणार? तरीही शंभर माणसांनी कानांनी ऐकलेलं नाव खोडायला जरा जड जातं. म्हणून वाचते. एकच ओळ.

गुम्मिडिपूंडी. पाळक सुधीर वाघमारे.

अण्णा, सांगा त्यांना. तमिळमध्येही सांगा.

सुधीर, तुमची रीत काय आहे? नाव आलं की काय करायचं?

...रूथ, तू आधी उठलीस. शाबास.

आता सगळेच उठा. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. दाराशी उभे आहात ना तुम्ही दोघं, तुम्हीही आत या. मग मला कुणीतरी घरापर्यंत सोडा, आज एकटी जाणार नाही.

आणि बिशपसाहेब, तुम्ही विचारलं होतंत. हो. मी बोलले होते.

नमस्कार.